शंभर फुटांवरची देवयानी

आमच्या आतल्या खोलीत छताला जे फिरतं तो पंखा नसून आकाशगंगा आहे, हे मला एका सकाळी तोंडात ब्रश असताना कळलं. ब्रश तोंडात असला की माणसाला वाद घालता येत नाही. पुढचं सगळं रामायण त्या ब्रशामुळे घडलं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

"सूनबाई, तेवढा पंखा मोजून दे," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या.

मी भुवया वर केल्या. तेवढंच करता येण्यासारखं होतं.

"या टोकापासून त्या टोकापर्यंत. अंदाजे नको. टेप शिवणाच्या डब्यात आहे."

सासूबाईंना नाही म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती, कारण त्या पडून होत्या. न्हाणीघरात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. पण बाई काही उठेनात. व्यायाम शिकवायला एक ताई यायची. ती म्हणायची, "आजी, उभं राहायचं ना आज?" सासूबाई शांतपणे विचारायच्या, "उठून जायचं कुठे?" जिन्याजवळ चपला घालताना ताई मला हळूच म्हणाली होती, "हाड जुळलंय हो वहिनी. मन जुळायचं राहिलंय. पण पाय फार दिवस वाट बघत नाहीत. लवकर उभ्या राहिल्या नाहीत, तर मग हा पलंगच त्यांचं घर."

त्यामुळे पंखा मोज म्हटलं की मी पंखा मोजत होते.

सासूबाई जन्मभर टेलिफोन खात्यात होत्या. ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. कानाला यंत्र लावून त्यांनी साऱ्या जगाला साऱ्या जगाशी बोलायला लावलं. स्वतः मात्र घर आणि एक्स्चेंज सोडून कुठे गेल्या नाहीत. कुठलंही गाव घ्या, ते किती लांब आणि मधे किती ठिकाणी लाइन बदलावी लागते हे त्यांना पाठ. ते गाव दिसतं कसं, ते मात्र ठाऊक नाही. आता पडल्यापडल्या त्या मोबाइलवर आकाशाची व्याख्यानं ऐकत. आम्हाला वाटलं, बरंय, मन रमतंय. मन रमतं तेव्हा ते नेमकं काय करत असतं याची चौकशी करायला हवी होती.

"चार फूट," मी स्टुलावरून सांगितलं. तोवर चूळ भरून झाली होती.

"आपली आकाशगंगा लाखभर प्रकाशवर्षं रुंद आहे. म्हणजे फुटाला पंचवीस हजार," सासूबाई म्हणाल्या. हिशेब करताना त्यांचे डोळे बारीक होतात, जणू समोर तारांची पाटी आहे आणि भोक शोधायचंय. "आणि आपण मध्यापासून फूटभर अंतरावर. पात्याच्या मधोमध. सूर्य, पृथ्वी, तुझी विम्याची कचेरी, सगळं तिथे."

मी पात्याकडे बघितलं. पात्यावर धूळ होती. माझी कचेरी त्यात असणं अगदीच अशक्य वाटलं नाही.

"आता सांग, शेजारची मोठी दीर्घिका, ती देवयानी, कुठे येईल?"

मी शिकलेली बाई आहे. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा अख्खा मेळा आणि दोन मेळ्यांच्या मधे अफाट पोकळी, एवढं मला माहीत होतं. मी म्हटलं, "आई, ती कुठली या गावात यायला. पुढच्या जिल्ह्यात गेली असेल."

"शंभर फूट," सासूबाई म्हणाल्या.

"शंभर काय?"

"फूट. पंचवीस लाख भागिले पंचवीस हजार. रस्त्यापलीकडे."

मी स्टुलावरच बसले. खरं सांगते, मला धक्का बसला. जन्मभर आपण समजतो की विश्व म्हणजे लांबचलांब, सुनंसुनं, आणि हे तर रस्ता ओलांडला की आलं. सासूबाईंनाही तो धक्का आदल्या दिवशीच बसला होता, पण त्यांनी तो दाबून ठेवला होता. त्या म्हणाल्या, "सूर्याला पंखा मान, तर शेजारचा तारा गाठायला पृथ्वीला जवळजवळ वळसा घालावा लागेल. तारे बिचारे एकएकटे. आणि दीर्घिका बघ, कशा खेटून आहेत. मला कुणी सांगितलंच नाही इतकी वर्षं."

मग त्यांनी हळूच विचारलं, "टांगायच्या का?"

त्या महिन्यात त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. मी हो म्हटलं.

*

सुरुवात घरातूनच झाली. दिशा आणि अंश त्यांनी कुठल्याशा खगोल मंडळाच्या माणसाला फोन करून मिळवले. जन्मभर लोकांना नंबर लावून देणाऱ्या बाईला एक माणूस शोधायला असा किती वेळ लागणार? मॅजेलनचे ढग म्हणजे आपल्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका; त्यातला मोठा सव्वासहा फुटांवर, पंख्याच्या पातळीपेक्षा खाली. म्हणून मी पोह्यांची ताटली पांढऱ्या कापडात गुंडाळून दोरीने टांगली. ती बरोबर कपाटासमोर आली. धाकटा ढग आठ फुटांवर, आणखी खाली. तो वाटीएवढा, बरोबर दारात, कमरेच्या जरा वर.

आमचे हे संध्याकाळी कामावरून आले. आईला भेटायला म्हणून आत शिरले, तो धाकटा ढग पोटात बसला. कळवळून पुढे झाले, तो मोठा ढग कपाळावर.

"घरात हे काय आहे?" हे कपाळ चोळत म्हणाले.

"शेजारी," सासूबाई म्हणाल्या.

माझी आई कुठल्याही संकटावर दोन ओळी रचायची. खोड माझ्यातही उतरली आहे. ह्यांच्या कपाळाला बर्फ लावताना माझ्या मनात आलं:

दूर दूर म्हणू ज्याला, तो तर उभा उंबऱ्यात,
टेंगूळ येता कळे, शेजार किती आत.

ह्यांना म्हणून दाखवलं नाही. वेळ बरी नव्हती.

तिसरी शेजारीण म्हणजे धनु राशीतली एक बटू दीर्घिका. बटू म्हणजे ठेंगणी. ती इतकी जवळ, की पात्याच्या टोकाशीच आली. मी कापसाचा गोळा करून दोऱ्याला बांधला आणि पंखा बंद ठेवा असं सगळ्यांना बजावलं. ह्यांना उकडलं. ह्यांनी बटण दाबलं. पंख्याने गोळा ओढला, पिंजला, आणि त्याचे लांबच लांब धागे आकाशगंगेभोवती गरगर फिरू लागले. खोलीभर कापूस. ह्यांच्या मिशांत कापूस, पाण्याच्या ग्लासात कापूस. मी कपाळाला हात लावला.

सासूबाई मात्र उशीवरून मान उचलून बघत राहिल्या. "अगं, तिकडेही हेच चाललंय," त्या म्हणाल्या. "व्याख्यानात सांगितलं. आपली आकाशगंगा त्या बिचारीला ओढून पिंजून काढतेय. तिच्या ताऱ्यांचे असेच पट्टे झालेत आपल्याभोवती."

"म्हणजे आपण शेजाऱ्याला खातोय?" हे दचकून म्हणाले.

"हळूहळू," सासूबाई म्हणाल्या.

हे त्या रात्री नीट जेवले नाहीत.

*

घरातल्या घरात होतं तोवर अब्रू शाबूत होती. पण सिंह राशीतली बटू दीर्घिका वरच्या अंगाला, तेहतीस फुटांवर. आम्ही चौथ्या मजल्यावर. टेप, कोनमापक आणि ह्यांची नाराजी घेऊन हिशेब केला तेव्हा ती सहाव्या मजल्यावर, सोसायटीच्या सेक्रेटरींच्या न्हाणीघरात पडली.

मी साडी बदलून वर गेले. कुणाच्या न्हाणीघरात दीर्घिका टांगायची परवानगी मागताना कसं बोलायचं, याचं शिक्षण कुठेच मिळत नाही. सेक्रेटरी निवृत्त अबकारी अधिकारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ही वस्तू रोषणाईत मोडते, जाहिरातीत मोडते की अँटेनात?"

"दीर्घिका आहे."

"ते तुमच्या दृष्टीने. नियमात तीनच प्रकार आहेत."

"मग रोषणाई धरा."

"रोषणाईला अग्निशमनाचा दाखला लागतो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कशी आहे म्हणालात? मोठी?"

"नाही, बटू आहे."

त्यांचा चेहरा पडला. "मी या इमारतीचा सेक्रेटरी आहे, वहिनी. खाली तुमच्या घरात मोठा ढग, धाकटा ढग, आणि आमच्याकडे बटू?"

"साहेब, ते माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला देवयानीच दिली असती."

हे वाक्य आतल्या खोलीत त्यांच्या सौभाग्यवतींनी ऐकलं. त्या बाहेर आल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "ही कोण देवयानी?" मला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं. शेवटी बटू लागली ती त्यांच्या परवानगीने.

आणि मग बातमी फुटली. माणसाला दीर्घिका नको असते, पण शेजाऱ्याला मिळाली की लगेच हवी असते. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई लिफ्टमध्ये मला म्हणाल्या, "आमच्याकडे काहीच कसं येत नाही? आम्ही देखभाल-खर्च वेळेवर भरतो." मी सांगितलं, तुमच्याकडे पोकळी आली आहे. त्या पहिल्याच मजल्यावर उतरून उरलेला जिना पायी गेल्या. तळमजल्यावरचे काका म्हणाले, आमच्याकडे एखादी छोटीशी टाका, शास्त्रापुरती. आमचे हे म्हणाले, हे असंच चाललं तर आपल्याला घर बदलावं लागेल. आणि सासूबाई रोज विचारत, "देवयानी लागली का?"

पण त्या अजून उठलेल्या नव्हत्या. व्यायामाची ताई परवा जाताना नुसता माझा हात दाबून गेली होती.

*

देवयानी खालच्या अंगाला, एकवीस अंश. शंभर फूट. म्हणजे समोरच्या इमारतीचा पहिला मजला, म्हणजे दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना, म्हणजे बरोबर ती खुर्ची, जिच्यावर बसल्यावर माणसाला आपली सगळी पापं आठवतात.

अंतर नेमकं हवं म्हणून ह्यांनी आमच्या खिडकीतून दोरी सोडली. मी रस्त्यापलीकडे जाऊन तिचं टोक धरलं. रस्त्याच्या मध्यावर पालिकेचा एक माणूस वर बघत उभा राहिला.

"कुठल्या कंपनीची केबल?"

"केबल नाही. अंतर आहे," मी म्हटलं.

"रस्त्यावरून अंतर न्यायचं तर परवानगी लागते."

"भाऊ, ते आधीपासून तिथेच आहे. आम्ही फक्त मोजतोय."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "मोजा, पण लवकर गुंडाळा." सरकारी माणसाकडून विश्वाबद्दल इतका समंजस शेरा मी पूर्वी ऐकला नव्हता.

डॉक्टर तरुण आणि उत्साही निघाले. "टांगा की, काकू. पेशंट तासन् तास छताकडे बघत असतात आणि छताला ओल आलीय. झाकली जाईल." हा माझा दुसरा धक्का. विश्वात मदत कुठून येईल सांगता येत नाही.

पण देवयानी आपल्या आकाशगंगेपेक्षा दांडगी. सहा फूट. प्लंबरकडून प्लास्टिकचा पाइप वाकवून कडं करून घेतलं आणि त्यावर पाहुण्यांसाठी जपून ठेवलेली मोतिया चादर ताणून बसवली. तिच्यावर टिकल्या शिवता शिवता माझी बोटं सुजली. कचेरीत फोन केला की डोकं भयंकर दुखतंय, आज येत नाही. खोटंही नव्हतं ते.

लिफ्टमध्ये ती मावली नाही. जिन्याने उतरवली, प्रत्येक वळणावर भिंतीचा रंग काढत. रस्त्यावर आले, तो वाऱ्याचा झोत आला. सहा फुटी चादर म्हणजे शीडच. मी देवयानीला धरलं होतं की देवयानीने मला, कळेना. डाव्या बाजूला गेले, उजव्या बाजूला गेले, एका स्कूटरवाल्याने मला वाट दिली, दुसऱ्याने नमस्कार केला. शेवटी ती डोक्यावर आडवी धरून मी रस्ता ओलांडत असताना समोरून एक मोटार येऊन थांबली आणि काच खाली झाली. आत आमच्या कचेरीतले साहेब.

डोईवर घेतलं बाई लाख चांदण्यांचं सूप,
साहेब समोर आले, माझी वाचा झाली चूप.

साहेबांनी चादरीकडे बघितलं. टिकल्यांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"हे डोकेदुखीवर आहे का?" त्यांनी विचारलं. आवाजात कुत्सितपणा नव्हता, हे जास्त वाईट. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या मिसेसचंही डोकं दुखतं.

"उतार पडतो," मी म्हटलं आणि पुढे गेले.

देवयानी लागली. डॉक्टरांनी स्वतः शिडीवर चढून हूक मारला. मी धावत घरी आले. "आई, लागली."

सासूबाईंच्या पलंगावरून समोरचा पहिला मजला दिसत नाही. छत दिसतं आणि आभाळाचा तुकडा. त्या म्हणाल्या, "नीट लागली का?"

"अगदी नीट."

"कललेली हवी. ती आपल्याला कडेने दिसते, तिरकी. कलती लावलीय का?"

ती सपाट लावली होती, ओल झाकायला.

ह्यांनी सांगितलं, "आई, कलती आहे गं." ह्यांना खोटं बोलता येत नाही, लहानपणापासूनच. सासूबाईंनी पंख्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "आमच्यात एक पद्धत होती. लाइन जोडून दिली की काम संपत नाही. पलीकडचा माणूस खरंच बोलतोय ना, ते आपण कानाने ऐकायचं. मगच आपण बाजूला व्हायचं." आणि भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मला रडू आलं. एवढा पसारा मांडला, पालिका झाली, साहेब झाले, चादर गेली, आणि बाई पुन्हा भिंतीकडे.

*

दुसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी मला बोलावून चादर कुठल्या कापडाची होती ते विचारलं. मी जड मनाने लवकर घरी आले. दाराचं लॅच उघडलं, धाकट्या ढगाखालून वाकून आत गेले.

पलंग रिकामा.

मी आधी पलंगाखाली बघितलं. माणूस हादरला की काय बघेल नेम नाही. मग कपाटात बघितलं. न्हाणीघर, मोरी, गॅलरी. कोपऱ्यातला वॉकर, ज्यावर आम्ही टॉवेल वाळत घालायचो, तोही नव्हता. टॉवेल घडी करून उशीवर ठेवलेले होते.

मी जिन्यात धावले. सेक्रेटरी वरून उतरत होते, चेहरा पांढराफटक.

"वहिनी, त्या आमच्याकडे आल्या होत्या. लिफ्टने. थेट न्हाणीघरात गेल्या. मी टॉवेलवर होतो." ते भिंतीला टेकले. "म्हणाल्या, तुमची बटू वीतभर डावीकडे सरकलीय. सरळ करून घेतली माझ्याकडून. आणि गेल्या."

"कुठे गेल्या?"

"खाली."

मी रस्ता कसा ओलांडला ते मला आठवत नाही. दवाखान्यात तीन पेशंट गालांना हात लावून उभे होते आणि डॉक्टर त्यांच्यात चौथे. खुर्चीत सासूबाई उताण्या पडल्या होत्या.

"काकू, बरं झालं तुम्ही आलात," डॉक्टर कुजबुजले. "केव्हाच्या बसल्यात. देवयानी कलती करून घेतली. मी म्हटलं, आता आलाच आहात तर दात बघतो. तर त्यांना दातच नाहीत. मला काही करता येईना."

"आई," मी म्हटलं. "तुम्ही चालत आलात?"

"नाही, विमानाने." त्यांनी मान वळवली. कपाळावर घाम होता, ओठ कोरडे पडले होते, वॉकरवर धरलेला हात अजून सुटला नव्हता. किती दुखलं असेल ते त्या हातावरून कळत होतं. "मधे दोनदा थांबले. पालिकेच्या माणसाने गाड्या अडवल्या, इथल्या लिफ्टपर्यंत सोडलं. चांगला आहे तो. अगं, इकडे ये. खाली वाक. आणखी वाक. आता खिडकीतून वर बघ."

मी त्यांच्या डोक्याला डोकं लावून बघितलं. रस्ता, विजेच्या तारा, आणि वर चौथ्या मजल्यावर एक छोटी चौकट. खालून बघताना खोली दिसत नाही, पलंग दिसत नाही. फक्त छत दिसतं, आणि छताला, हळूहळू फिरणारी, बोटाच्या पेराएवढी आमची आकाशगंगा. कडेने तिरकी.

"पलीकडून अशी दिसते बघ आपली," सासूबाई म्हणाल्या. "जन्म गेला, पलीकडे काय दिसतं ते कधी बघितलंच नाही. नुसते आवाज ऐकले."

तिन्ही पेशंट सुजलेले गाल धरून खिडकीतून वर बघू लागले.

"दमलात ना? ह्यांना फोन करते," मी डोळे पुसत म्हटलं. "खुर्ची आणतील, उचलून नेऊ."

"कुठे नेता? त्रिकोणातली दीर्घिका राहिलीय."

"काय राहिलंय?"

"देवयानीची शेजारीण. तिच्यापासून तीस फुटांवर. डॉक्टर, तुमच्या त्या भिंतीपलीकडे काय आहे?"

"बेकरी आहे आजी."

"बघा, तिला काही कळवलंच नाही कुणी," असं म्हणून सासूबाईंनी पाय खाली सोडले, जमिनीचा अंदाज घेतला, डॉक्टरांच्या दंडाला धरलं आणि उभ्या राहिल्या. मी हात पुढे केला तो त्यांनी नुसता हलवून बाजूला केला. एक पाऊल. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. पेशंट भिंतीला सरकून वाट देत होते. दाराशी पोचल्यावर त्या डॉक्टरांना विचारत होत्या की बेकरीचं छत किती उंच आहे.

वॉकर खुर्चीशीच राहिला होता. मी तो धरला. द्यायला म्हणून निघाले, पण दोन पावलांत लक्षात आलं की आधार मलाच हवा आहे. मग मी तोच वॉकर टेकत टेकत, एकेक पाऊल सांभाळत, त्यांच्या मागोमाग बेकरीकडे निघाले.

"सावकाश ये," सासूबाई मागे न बघता म्हणाल्या. "घाई नाही. जवळच आहे."